मार्शल आर्ट्स आणि मेंदू: पहिलं संशोधन हाती घेताना

कराटे, तायक्वांदो, ज्युदो, ताइ-ची, वर्ग कुठलाही असो, ‘एकाग्रता वाढते’ हे वाक्य त्याच्या जाहिरातीत हमखास असतं. शिकणाऱ्यांना ते पटलेलं असतं आणि पालक तर स्वतःच्या मुलाचंच उदाहरण देतात. यातलं कुणी खोटं बोलतं असं नाही. पण एखाद्या मुलाचं लक्ष सहा महिन्यांत सुधारलं, तर त्यात वाढलेल्या वयाचा वाटा किती, व्यायामाचा किती, जीव लावून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा किती आणि खुद्द कराटेचा किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. हे वाटे वेगळे काढणं हेच या विषयातलं खरं काम.

त्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मानसशास्त्राचे किंवा क्रीडाशास्त्राचे विद्यार्थी, प्रबंधाचा विषय शोधणारे, आपल्या वर्गाकडे जरा चिकित्सेने बघू इच्छिणारे प्रशिक्षक, कुणीही. इथल्या अभ्यासाचा दर्जा मुख्यतः एका प्रश्नावर ठरतो: कशाच्या तुलनेत? महागडी उपकरणं आणि अवघड संख्याशास्त्र त्याच्या मागून येतं. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी तिसरीवर सगळ्यात जास्त रेंगाळायचं आहे.

पायरी १: प्रश्न बारीक करा

‘मार्शल आर्ट्सने मेंदूला फायदा होतो का?’ हा प्रश्न गप्पांना छान, संशोधनाला निरुपयोगी. त्याची दोन्ही टोकं फार ऐसपैस आहेत.

फायदा नक्की कशात? अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली विभागणी नवख्यांना सोयीची पडते. ओठांवर किंवा हातात आलेली चुकीची प्रतिक्रिया रोखणं, एका नियमावरून दुसऱ्यावर चटकन जाणं, आणि डोक्यात धरलेली माहिती सतत ताजी करत राहणं. या क्षमता एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स या नावाखाली येतात. लक्ष देण्याच्या क्षमतेचेही मायकेल पोस्नर यांच्या मांडणीत तीन भाग आहेत: सावध राहणं, योग्य जागी वळणं, आणि एकमेकांच्या आड येणाऱ्या संकेतांतून हवा तो निवडणं. यातली एक गोष्ट घ्या, फार तर दोन. पहिल्याच अभ्यासात सगळं मोजायला निघालेले लोक शेवटी काहीच नीट मोजत नाहीत.

दुसरं टोक, म्हणजे ‘मार्शल आर्ट्स’, याहून फसवं. काता करताना समोर कुणी नसतं. ठरलेला क्रम आठवून तो अचूक करायचा असतो. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी केलेल्या सरावाच्या लढतीत, समोरचा काय करणार हे ठाऊक नसतं, आणि ते ओळखायला क्षणभराचाच अवधी मिळतो. ताइ-चीमध्ये हालचाली मुद्दाम संथ ठेवतात. शिवाय श्वसन, ध्यान, शिष्टाचार, बेल्टच्या परीक्षा, दम काढणारा व्यायाम हे सगळं एकाच तासात एकमेकांत मिसळलेलं असतं. यातल्या कशामुळे बदल होईल असा तुमचा अंदाज आहे, ते आधी स्वतःशी स्पष्ट करा.

एकाच कलेचे दोन वर्गही सारखे नसतात. मायकेल ट्रल्सन यांचा १९८६ सालचा अभ्यास त्यासाठी आजही वाचावा. गुन्हेगारीकडे वळलेल्या ३४ किशोरवयीन मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला तत्त्वज्ञान आणि ध्यानासह पारंपरिक तायक्वांदो, दुसऱ्याला नुसती लढण्याची तंत्रं, तिसऱ्याला इतर व्यायाम आणि खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता कमी झालेली दिसली आणि दुसऱ्यातली वाढलेली. अभ्यास लहान होता आणि त्यात बुद्धीपेक्षा वागणूक मोजली होती. तरीही ‘तायक्वांदोचा परिणाम’ असं एकगठ्ठा बोलणाऱ्यांना तो थांबवतो.

आता प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: आधी कोणतीही मार्शल आर्ट न शिकलेल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, स्पारिंगवर भर देऊन तायक्वांदो शिकवलं, तर तेवढाच वेळ बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्यांची फ्लँकर चाचणीतली (आजूबाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधली ओळखण्याची चाचणी) कामगिरी जास्त सुधारते का? वाक्य लांबलचक आणि रूक्ष आहे. असू द्या. कोण, काय, किती, कशाच्या तुलनेत आणि कशाने मोजणार, हे पाचही त्यात आलं आहे.

पायरी २: आधी झालेलं वाचा

पबमेड आणि गुगल स्कॉलर ही शोधनिबंध शोधण्याची दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. शोध इंग्रजीतच घ्यावा लागेल, पण केवळ ‘मार्शल आर्ट्स’ टाकून थांबू नका. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, ताइ-ची, कॉम्बॅट स्पोर्ट्स असे शब्द एकेक करून ‘अटेन्शन’, ‘इनहिबिशन’, ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ यांच्या जोडीने शोधा. ताइ-चीवरचं बरंच लेखन वृद्धांच्या आरोग्याशी संबंधित नियतकालिकांत असतं आणि मुलांच्या तायक्वांदोवरचं शिक्षण व बालविकासाच्या, त्यामुळे एकाच शब्दाने शोधणाऱ्याला अर्धं चित्रच दिसतं. आधी आढावा घेणारे लेख वाचा, मग त्यांनी उल्लेखलेले मूळ अभ्यास. पैसे भरल्याशिवाय न उघडणारा लेख हवा असेल, तर लेखकाला सरळ ईमेल करा. पुष्कळजण आनंदाने पाठवतात.

वाचताना एक तक्ता ठेवा: सहभागी किती आणि कोण, प्रशिक्षण कोणतं, किती आठवडे, तुलना कुणाशी, गटवाटणी चिठ्ठ्या टाकून झाली का, चाचणी कोणती, किती जण मधेच गळले. निष्कर्षाचा रकाना शेवटी. सारांशात लिहिलेला निष्कर्ष आधी वाचला की बाकीच्या रकान्यांकडे आपण सौम्य नजरेने बघू लागतो.

सुरुवातीला हाताशी असावेत असे दोन अभ्यास. किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉयट यांनी २००४ साली एका शाळेतल्या २०७ मुलांवर तीन महिने काम केलं. काही वर्गांना तायक्वांदोवर आधारित प्रशिक्षण, काहींना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास. तायक्वांदोच्या मुलांमध्ये स्वतःवरचं नियंत्रण, वर्गातली वागणूक आणि तोंडी गणित यांत जास्त सुधारणा दिसली. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक. वाटणी मुलामुलाची नव्हे, वर्गावर्गाची होती, हे मात्र तक्त्यात लिहून ठेवा.

दुसरा बँगोर विद्यापीठातल्या ॲशली जॉनस्टन आणि पालोमा मारी-बेफा यांचा, २०१८ सालचा. मार्शल आर्ट्सचा अनुभव असलेले आणि नसलेले प्रौढ यांची त्यांनी लक्षाच्या चाचणीवर तुलना केली. फरक सापडला तो सावधपणाच्या भागात, म्हणजे काहीतरी अचानक समोर येईल यासाठी तयार राहण्यात. उरलेल्या दोन भागांत तो सापडला नाही. असे अर्धेमुर्धे निकाल मला जास्त विश्वासार्ह वाटतात. सगळंच सुधारलं असं सांगणारा अभ्यास दिसला की आधी पद्धतीचा भाग काढून वाचावा.

पायरी ३: कशाच्या तुलनेत?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला गेलेला मार्ग म्हणजे ब्लॅक बेल्टधारक आणि न शिकलेले यांची तुलना. खर्च कमी, वेळ कमी, आणि फरक बहुधा सापडतोच. पण पांढऱ्या बेल्टपासून काळ्यापर्यंत वर्षानुवर्षं टिकतात कोण? ज्यांच्यात चिकाटी आधीच आहे, ज्यांना लांबलचक क्रम पाठ होतात, ज्यांच्या घरून वेळ आणि पैसा मिळतो. बाकीचे केव्हाच गळलेले असतात. म्हणजे एकाग्रतेमुळे बेल्ट मिळाला की बेल्टच्या वाटेवर एकाग्रता आली, हे अशा तुलनेत कळत नाही. इंपीरियल कॉलेज लंडन इथल्या एड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १२ ब्लॅक बेल्टधारक आणि तितकेच नवखे घेऊन जवळून मारलेला ठोसा आणि मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याची (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंची) रचना यांचा संबंध शोधला. हालचालींचा मेळ आणि सेरेबेलमकडचे (लहान मेंदूकडचे) मार्ग यांच्यात नातं दिसलं. अतिशय देखणा अभ्यास, पण नातं दिसणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं. विद्यार्थी-प्रकल्पासाठी अशी तुलना करायला हरकत नाही. निष्कर्षात ‘मुळे’ हा शब्द तेवढा वापरू नका.

त्याच्या वरची पायरी म्हणजे नवखे लोक घेऊन, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करणं. चिठ्ठ्या खऱ्याच टाका, किंवा संगणकाकडून यादी करून घ्या. ‘ज्यांना आवड आहे ते इकडे’ असं केलं की ब्लॅक बेल्टवाला घोळ मागच्या दाराने परत आत येतो.

आता दुसऱ्या गटाने काय करायचं? काहीच नाही, असं बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं. पण मग तुम्ही मोजता ते कराटे विरुद्ध रिकामा वेळ. कराटेच्या गटाला व्यायाम मिळाला, मित्र मिळाले, कौतुक मिळालं, आणि आपल्यात सुधारणा होणार आहे ही अपेक्षाही मिळाली. यातली प्रत्येक गोष्ट एकटीने चाचणीतला आकडा हलवू शकते. नुसत्या चालण्याचंच बघा. कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १२० वयस्कर लोकांवर केलेल्या अभ्यासात वर्षभर झपझप चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणशक्तीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा कमी झाला.

याहून बोलकं उदाहरण शांघायमधलं आहे. जेम्स मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० वृद्धांचे चार गट केले: ताइ-ची, चालणं, एकत्र बसून गप्पा-चर्चा, आणि काहीच नाही. ४० आठवड्यांनी ताइ-चीच्या गटात मेंदूचं आकारमान वाढलेलं आढळलं. तसंच ते गप्पांच्या गटातही आढळलं. संशोधकांनी तुलनेला फक्त ‘काहीच नाही’ हा गट ठेवला असता, तर आज ताइ-चीच्या नावावर एक ठणठणीत पुरावा जमा असता. गप्पांचा गट होता म्हणून प्रश्न अधिक खोल झाला: ताइ-चीत काम करतं ते काय? हालचाल, की चार माणसांत जाणं?

म्हणून तुलनेचा गट निवडताना पायरी १ मधला तुमचा अंदाज समोर ठेवा. समोरच्या प्रतिस्पर्ध्याला ओळखण्यातून फायदा होतो असं वाटत असेल, तर दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकाकडून, तितकाच वेळ, स्पारिंग सोडून बाकी सगळं शिकवा. शिस्त आणि शिष्टाचार महत्त्वाचे वाटत असतील, तर तेवढ्याच मेहनतीचा पण शिष्टाचार नसलेला खेळ द्या. व्यायामाने एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स सुधारतात की डोकं वापरावं लागेल अशाच व्यायामाने, यावर तज्ज्ञांमध्येही उघड मतभेद आहेत. ॲडेल डायमंड आणि डॅफ्नी लिंग यांनी २०१६ साली नुसत्या यांत्रिक व्यायामाच्या बाजूचा पुरावा कच्चा ठरवला, आणि चार्ल्स हिलमन व इतरांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले तर स्वतःचा तुलनागट ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

चाचणी घेणाऱ्याला कोण कोणत्या गटातलं हे कळू देऊ नका. सहभागींना ते कळणारच, त्याला इलाज नाही. पण त्यांची अपेक्षा मोजता येते: सुरुवातीलाच विचारा, या वर्गामुळे तुमची एकाग्रता किती वाढेल असं वाटतं? दोन्ही गटांची उत्तरं सारखी आली तर तुमचं काम हलकं होईल.

आणखी एक अडचण फार उशिरा ध्यानात येते. एक गट एकाच प्रशिक्षकाकडे शिकत असेल, तर तुम्ही कला मोजता की तो माणूस? जमलं तर प्रत्येक बाजूला दोन-तीन प्रशिक्षक ठेवा. जमलं नाही तर ही मर्यादा म्हणून स्वच्छ लिहा.

पायरी ४: मोजायचं कशाने

जुन्या, भरपूर वापरलेल्या चाचण्या निवडा. १९३५ सालची स्ट्रूप चाचणी, ज्यात निळ्या शाईत छापलेल्या ‘लाल’ शब्दाचा रंग सांगायचा असतो. १९७४ सालची फ्लँकर, जिच्या आजच्या प्रचलित रूपात आजूबाजूचे बाण दुसरीकडे दाखवत असताना मधल्या बाणाची दिशा ओळखायची. जागा लक्षात ठेवण्यासाठी कॉर्सी ठोकळे, माहिती ताजी ठेवण्यासाठी एन-बॅक. पोस्नर यांचे तीन भाग मोजायचे तर २००२ साली आलेली अटेन्शन नेटवर्क टेस्ट. या सगळ्या सायकोपाय किंवा ओपनसेसमी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालवता येतात. सगळ्यांसाठी एकच संगणक आणि एकच कीबोर्ड वापरा, कारण इथे फरक मिलिसेकंदांचा असतो.

स्पारिंग करणाऱ्याचे हात चपळ होणारच. तो बटण लवकर दाबतो एवढ्यावरून लक्ष सुधारलं म्हणू नका. सोप्या आणि अवघड प्रश्नांना लागणाऱ्या वेळातला फरक बघा, आणि चुकाही मोजा; घाईने दाबणारा जास्त चुकत असेल तर ती सुधारणा नव्हे. पण इथेही एक मेख आहे. क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं, की स्ट्रूप आणि फ्लँकरसारख्या चाचण्यांत गटांवरचा परिणाम ठळक दिसतो, पण माणसामाणसांतला फरक त्या भरवशाने पकडत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकारचे भरपूर प्रश्न ठेवा. आठ-दहांवर भागवू नका.

तीच चाचणी पुन्हा दिली की सगळेच सुधारतात. खऱ्या चाचणीआधी सरावाची फेरी घ्या आणि तुलनागटालाही तितक्याच वेळा तपासा. प्रश्नावल्या वापरणार असाल, तर शिक्षकांना मुलांचा गट माहीत असतो हे धरून चाला. केवळ अशा उत्तरांवर निष्कर्ष टेकवू नका.

चाचणीतली सुधारणा रोजच्या आयुष्यात उतरते का, हा निराळा प्रश्न आहे. एड्रियन ओवेन यांच्या २०१० सालच्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. ज्यांचा सराव केला त्या खेळांत ते सुधारले. सराव न केलेल्या कामांत, अगदी मिळत्याजुळत्या कामांतही, फायदा पोहोचला नाही. मार्शल आर्ट्सकडून यापेक्षा अधिक मिळेल अशी आशा असायला जागा आहे, कारण तिथे शरीर, भावना आणि माणसं तिन्ही गुंतलेली असतात. पण आशा गृहीत धरता येत नाही.

पायरी ५: किती माणसं

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक खरोखर असेल आणि तो पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल, तर नेहमीच्या हिशोबाने प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक लहान असेल तर प्रत्येकी ३९४. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे गणित करता येतं. त्यावर मधेच सोडून जाणारे धरा. मार्शल आर्ट्सच्या वर्गात गळती चांगलीच असते.

एवढी माणसं मिळणार नसतील तर दोन वाटा आहेत. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तपासणारी रचना करा, किंवा अभ्यासाला सरळ प्राथमिक चाचपणी म्हणा. पंधरा-पंधरा जणांच्या गटांत मोठा फरक सापडला, तर त्यावर खूश होण्याआधी शंका घ्या. छोट्या नमुन्यात जे ठळक दिसतं, ते पुष्कळदा प्रमाणाबाहेर फुगलेलं असतं.

पायरी ६: परवानगी आणि डोक्यावरचे फटके

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी, काम नंतर. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, आणि मुलालाही त्याला समजेल अशा भाषेत विचारायचं असतं. प्रशिक्षक स्वतःच संशोधक असेल, तर संमती दुसऱ्या कुणी घ्यावी. बेल्टची परीक्षा ज्याच्या हातात आहे, त्याला ‘नाही’ म्हणणं विद्यार्थ्याला जड जातं.

डोक्याला मार बसतो तिथे फायद्याचा हिशोब उलटा होऊ शकतो. मुष्टियोद्ध्यांमध्ये वारंवार फटक्यांनी होणाऱ्या मेंदूच्या इजेचं वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच केलं होतं. डोक्यावर वार करणाऱ्या स्पारिंगचा अभ्यासात समावेश करू नका, आणि सहभागींना आधी कधी डोक्याला मार बसला होता का, हे नोंदवा. ‘मार्शल आर्ट्स मेंदूला चांगल्या’ असं लिहिताना पूर्ण ताकदीच्या लढती आणि हलक्या स्पर्शाचा सराव एकाच टोपलीत टाकणारे लेख पुष्कळ सापडतील. त्यांचं अनुकरण नको.

पायरी ७: प्रत्यक्ष काम

आधी पाच-सहा जणांवर पूर्ण रंगीत तालीम करा. सूचना कळत नाहीत, चाचणी कंटाळवाणी होते, वही हरवते, हे सगळं तेव्हाच उघड होतं. मग तुमची गृहीतकं आणि विश्लेषणाची पद्धत ओएसएफच्या (ओपन सायन्स फ्रेमवर्क) संकेतस्थळावर तारखेसह नोंदवा.

वर्ग संपल्या संपल्या चाचणी घेऊ नका. व्यायामानंतर थोडा वेळ माणूस तसाही तरतरीत असतो, आणि तुम्हाला बघायचा आहे तो महिन्यांचा परिणाम. प्रशिक्षणाच्या दिवसापासून निदान एक दिवस सोडा. आधीची आणि नंतरची चाचणी दिवसाच्या एकाच वेळी ठेवा, आणि झोप व चहा-कॉफीबद्दल विचारा. हजेरी प्रत्येक दिवसाची लिहा. प्रत्येक तासात कातासाठी किती मिनिटं गेली आणि स्पारिंगसाठी किती, हेही लिहा. अशी नोंद नसल्यामुळे अनेक अभ्यास दुसऱ्या कुणाला पुन्हा करताच येत नाहीत.

पायरी ८: आकडे आणि लेखन

इथली एक चूक इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद हवा. कराटे गटातली सुधारणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली, तुलनागटातली उतरली नाही, म्हणून कराटे श्रेष्ठ. हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोन गटांतल्या बदलांची थेट एकमेकांशी तुलना करायला हवी. सांडर न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मेंदूविज्ञानातले लेख तपासले, तेव्हा ही चूक होऊ शकेल असे १५७ लेख निघाले आणि त्यांपैकी ७९ लेखांत ती झालेली होती. सुरुवातीचे गुण विचारात घेऊन शेवटच्या गुणांची तुलना करणारं विश्लेषण, म्हणजे अँकोव्हा, बहुतेक वेळा पुरतं. त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर हवं तर जॅस्प किंवा जामोवी वापरा.

मधेच सोडून गेलेल्यांना हिशोबातून गुपचूप वगळू नका. ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात त्यांना मोजा. विश्लेषण मुलामुलाचं आणि वाटणी वर्गावर्गाची असेल, तर वर्ग हा घटक आकडेमोडीत घ्यावाच लागतो. लेक्स-हॉयट यांच्या अभ्यासापुढे तक्त्यात केलेली नोंद इथे कामी येते.

लेखात फरकाचा आकार आणि खरा फरक कुठून कुठवर असू शकतो, हे दोन्ही द्या, केवळ ‘लक्षणीय’ म्हणून सोडू नका. मोजलेली प्रत्येक चाचणी सांगा, ज्यात काहीच निघालं नाही तीही. प्रशिक्षणाचं वर्णन इतकं तपशीलवार असावं, की दुसऱ्या प्रशिक्षकाला ते वाचून तोच वर्ग घेता येईल: शैली, प्रशिक्षकाचा अनुभव, तासाची विभागणी, गटाचा आकार, दुखापती. नावं काढून टाकलेली माहिती आणि चाचणीची फाइल नोंदणीच्याच जागी ठेवा. पुढच्या वर्षी कुणी आढावा लेख लिहायला घेतला, तर त्याला तुमच्याकडे ईमेल न करताही मूळ आकड्यांपर्यंत पोहोचता येईल.